माझी नाडी आणि आत्याबाईंची नाडी

लग्न होऊन मी आसेगावजवळच्या सासरी आले, तेव्हा एक गोष्ट माहेरच्यांनी सोयऱ्यांना सांगितली नव्हती. माझं काळीज अधूनमधून पळायला लागायचं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी किन्हीराजाच्या शाळेत चौथीला होते. खाली पडलेली पाटी उचलायला वाकले, उभी राहिले, आणि छातीत एकदम काहीतरी सुटलं. धावले नव्हते, घाबरले नव्हते, तरी कोणी पाठीमागे लागल्यासारखं काळीज उडत होतं. थोड्या वेळानं जसं सुरू झालं तसंच बंद झालं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "उन्हानं झालं असन. कोनाले सांगू नोको." मग दोन-चार महिन्यांनी पुन्हा झालं, तेव्हा ऊन नव्हतं. आईनं मला जवळ घेऊन पुन्हा तेच सांगितलं, "कोनाले सांगू नोको." मुलीच्या दुखण्याची बातमी गावोगाव फिरली की स्थळं येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मलाही लवकरच कळलं.

सासरी घर लहान. सासरे आधीच गेलेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे मालक, आणि मी. शेती पोटापुरती होती आणि जमीन काळी, चांगली. मालक गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. बोलणं कमी. घरात रिकामे बसले की गुडघ्यावर बोटं चालू असायची.

चार महिने मी निभावून नेले. काळीज पळायला लागलं की परसात जाऊन बसायचे. पण सीतादहीच्या दिवशी ते झाकता आलं नाही. कापसाच्या पहिल्या वेच्याला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्या दिवशी आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. मी ओटीतला कापूस गाठोड्यात टाकायला वाकले आणि उठताच ते सुरू झालं. हातपाय गार पडले. गळ्याच्या खळीत बेडूक उड्या मारतो तसं बाहेरून दिसायला लागलं. एका बाईनं बोट दाखवून विचारलं, "हे काय होऊन राह्यलं वं इच्या गळ्यात?"

आत्याबाईंनी मला बाभळीखाली बसवलं. मीठमिरच्यांनी नजर काढली. मिरच्या जळता जळता काळीज थांबलं, आणि आत्याबाईंची खात्री झाली की नजरच होती. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. तिसऱ्या खेपेला मिरच्या जळून गेल्या, मीठ तडतडून संपलं, तरी ते चालूच राहिलं. मग शेजारच्या गावच्या एका भगताकडून दंडात दोरा आला. आत्याबाई वाईट नव्हत्या. भ्यायल्या होत्या. मी निजले आहे असं समजून त्या एकदा शेजारणीला म्हणाल्या, "एकच सून आनली, अन तेई अशी. मांगं काय व्हईन वं घराचं?" ते ऐकून मला राग नाही आला, लाज वाटली. माहेरच्यांनी लपवलं होतं, आणि त्या लपवण्यात मीही होते.

एकदा सकाळच्या भाकरी करताना सुरू झालेलं दुपार झाली तरी थांबेना. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मालकांनी दमणी जुंपली, मला आत निजवलं आणि बैल मंगरूळच्या दवाखान्याकडे हाकले. अर्ध्या वाटेवर नाल्यात दमणीला मोठा हिसका बसला आणि काळीज थांबलं. म्हणजे जागेवर आलं. मी उठून बसले. मागं फिरू म्हटलं, तर ते म्हणाले, "आता आलो त जाऊ."

दवाखान्याचे डॉक्टर मध्यम वयाचे, नागपूरकडून आलेले. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, डोळ्यांची पापणी ओढून रक्त बघितलं, गळ्यात गाठ आहे का ते चाचपलं.

"आत्ता तर काहीच नाही," ते म्हणाले.

महिन्याभरानं पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मला रडू आलं. म्हटलं, "मी खोटं नाही बोलत जी."

ते म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हटलेलंच नाही. चोर पळून गेल्यावर मी पोचतो आहे, एवढंच. तेव्हा चोराला तुम्हीच नीट बघून ठेवा." त्यांनी मालकांना जवळ बोलावलं, माझ्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला त्यांची तीन बोटं ठेवून नाडी कशी लागते ते दाखवलं. "पुढच्या वेळी असं धरा. मला दोन गोष्टी हव्यात. ठोके सारख्या अंतरानं पडतात की वेडेवाकडे? आणि बंद होतात ते हळूहळू, की एकदम?"

त्या काळी सासूदेखत नवरा-बायको एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. काही हवं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं. आणि इथे नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा होता. पंधरा-वीस दिवसांनी तूर निवडताना माझं काळीज सुटलं. मी नुसतं वर बघितलं. मालक अंगणात बैलांना पाणी दाखवत होते. ते बादली ठेवून आले, ओटीवर माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि माझं मनगट धरलं. आत्याबाईंनी पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"काय चाललं हे?" त्या भिंतीला म्हणाल्या.

"डागदरानं सांगतलं, माय."

"डागदराले का लाज नाही?"

मालक डोळे मिटून बसले होते. भजनात दुसऱ्याची चाल धरायची असली की ते असेच डोळे मिटायचे. थोड्या वेळानं त्यांच्या उजव्या हाताची बोटं जमिनीवर हळूच चालायला लागली. माझ्या आत जे चाललं होतं ते मला त्यांच्या बोटांखालून ऐकू आलं. तेव्हा पहिल्यांदा माझी भीती थोडी कमी झाली. जे आजवर नुसतं माझं होतं ते आता दुसऱ्या कोणालातरी कळत होतं.

मंगरूळला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मग? ठोके सारखे की वेडेवाकडे?"

मालक म्हणाले, "सांगता नाही येत मले. वाजवून दाखवू का?"

डॉक्टरांनी खिशातून घड्याळ काढलं आणि टेबलावरचे कागद बाजूला सारले. मालकांनी दोन बोटांनी लाकडावर ठोका धरला. आधी संथ. "ही इची रोजची." मग काही न सांगता एकाच ठोक्यात चाल बदलली आणि बोटं भराभर पडायला लागली. एकही मागेपुढे नाही. बाहेर ओळीत बसलेली माणसं दाराशी येऊन बघायला लागली. डॉक्टर घड्याळाकडे बघत मनात मोजत होते. मग मालक एकदम थांबले. बोट वरच्या वर राहिलं. पुन्हा संथ ठोका सुरू झाला.

"पाव मिनिटात सेहेचाळीस," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मिनिटाला एकशे चौऱ्याऐंशी. आणि थांबताना मध्ये ती जागा रिकामी गेली, ती खरंच तशी जाते?"

"व्हय जी. एक ठोका खाऊन टाकते, मंग समेवर येते."

डॉक्टर इतके खूश झाले की मला वाटलं, मी बरी झालेच. त्यांनी मला आणखी एक विचारलं, ते थांबल्यावर पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागतं का? मी मान खाली घातली. हे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. लागतं, म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी समजावलं. काळजाला चालायचा हुकूम त्याच्या आतल्याच एका जागेवरून मिळतो. माझ्यात कधीकधी दुसरीच एखादी जागा मध्ये उठते आणि घाईघाईनं हुकूम सोडायला लागते. काळीज बिचारं ऐकतं आणि पळतं. पण ते धडधाकट आहे. हा त्रास भीतीदायक वाटतो, पण तुमच्या काळजात दोष दिसत नाही. यानं माणूस सहसा मरत नाही. "आणि ते तुम्हाला थांबवता येईल," असं म्हणून त्यांनी युक्ती सांगितली. खाली बसायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, नाक-तोंड घट्ट दाबायचं, आणि परसाकडे बसल्यावर करतो तसा पोटात जोर करायचा. दहा मोजेपर्यंत. मग सोडायचं. नाही थांबलं तर गार पाण्यात तोंड बुडवायचं आणि पुन्हा करायचं. घेरी आली किंवा छातीत दुखलं तर मात्र खेळत बसायचं नाही, तडक दवाखान्यात यायचं.

"करून दाखवा," ते म्हणाले. मी पदर तोंडावर घेऊन जोर केला. कान गरम झाले. पदर काढला तर दोघेही गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होते, आणि मलाच हसू फुटलं.

युक्ती पहिल्यांदा वापरली ती चुलीपुढे. भाकर तव्यावर होती. श्वास धरला, जोर केला, काही नाही. पुन्हा केला. सोडताना छातीत एक धक्का बसला, एक क्षण काहीच नव्हतं, आणि मग काळीज आपल्या वाटेनं चालायला लागलं. माझं, मी थांबवलेलं. भाकर जळून कोळसा झाली होती. मी पिठाच्या हातांनी अंगणात पळत गेले आणि ओरडले, "आत्याबाई, मी थांबोलं!"

"काय थांबोलं?"

"काळीज!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते आपोआपच थांबते," म्हणाल्या. "भाकर जाळली ते पाह्य."

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. काळीज पळण्याचे दिवस वाढले, पण आता मला उपाय ठाऊक होता. डॉक्टरांनी नीट तपासून बाळंतपणाला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. आत्याबाईंचा त्यावर विश्वास नव्हता. कळा सुरू झाल्या त्या सकाळी त्या माझ्या उशाशी बसल्या आणि माझा हात त्यांनी जो धरला तो सोडलाच नाही. सुईण पायाशी होती. ऐन शेवटच्या कळांत माझं काळीज सुटलं. माझ्या आधी आत्याबाईंनाच ते कळलं. मनगट त्यांच्या मुठीत होतं.

"माय वं! लागलं पळाले!" त्या ओरडल्या.

सुईणीला ना नाडी ठाऊक, ना डॉक्टर. तिला फक्त मूल दिसत होतं. "जोर लाव, पोरी, जोर लाव!" ती म्हणाली. मी श्वास धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. आणि त्या जोरात ते थांबलं. आत्याबाईंच्या बोटांखाली थांबलं. त्या एवढंच म्हणाल्या, "थांबलं. खरंच थांबलं." दोन-तीन कळांनी माझी मुलगी झाली. दुपारची ऊन-सावली दारात पडली होती, आणि आत्याबाई रडत होत्या. मुलगी झाली म्हणून त्या रडतायत असं सुईणीला वाटलं. ती त्यांची समजूत घालायला लागली, तेव्हा आत्याबाईंनी तिला दटावलं, "चूप बस. तुले काही समजत नाही."

त्यानंतर दंडातला दोरा त्यांनी स्वतःच काढून टाकला. आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात बसून, मुलगा समोर असताना, त्यांनी आपला हात पुढे केला. "पाह्य रे बाबू, माही कशी चालते?"

मालकांनी हसत हसत बोटं ठेवली. हळूहळू हसू गेलं. डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. जमिनीवर दुसऱ्या हाताची बोटं चालायला बघत होती, पण चालेनात.

"माय, हिले ठेकाच नाही," ते म्हणाले.

"म्हातारपनाची नाडी अशीच राह्यते."

"म्हातारपनाची धिमी राह्यते. ही धिमी नाही, जलद नाही. दोन पडतात, मंग एक गायब, मंग तीन एकदम. मले धरताच नाही येऊन राह्यली."

मग मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले, आणि दिसायला लागलं. त्या गोधड्यांची वळकटी पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायच्या. मी समजायचे, खोकला आहे. शेतातून येताना दोनदा बसायच्या. वहाणेच्या पट्ट्यांचे वळ संध्याकाळी पायात खोल रुतलेले असायचे. माझ्या काळजाची चिंता करत आत्याबाई वर्षभर स्वतःचं दुखणं गिळत होत्या.

दवाखान्यात यायला त्या तयार होईनात. शेवटी लेकीला देवी टोचायला न्यायचं निघालं आणि नातीला मांडीवर धरायला म्हणून त्या दमणीत बसल्या. मुलगी टोचून घेऊन रडून झोपली, तेव्हा मालकांनी डॉक्टरांना हळूच सांगितलं.

डॉक्टरांनी आत्याबाईंची नाडी बघितली. मग नळी छातीवर लावली आणि मालकांना म्हणाले, "तुम्ही मनगट धरा. मी छातीवर मोजतो. मी 'हं' म्हटलं की सुरू, पुन्हा 'हं' म्हटलं की बंद. मोठ्यानं मोजू नका."

मिनिटभर दोघंही मनात मोजत होते. मी कोपऱ्यात मुलीला घेऊन उभी होते.

"माझे एकशे अठ्ठावीस," डॉक्टर म्हणाले.

मालक गोंधळले. "माह्ये त चौऱ्यान्नवच. चुकलो असन मी."

"तुम्ही नाही चुकलात. बाकीचे चौतीस ठोके काळजानं मारले, पण ते हातापर्यंत पोचलेच नाहीत. अर्धवट भरलेल्या मोटेसारखे. मेहनत पूर्ण, पाणी नाही."

आत्याबाई डॉक्टरांकडे टक लावून बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. मानोऱ्याकडे माहेरी असताना, दहा-बारा वर्षांच्या असतील, पावसाळाभर खाटेवर होत्या. गुडघे, मग कोपरं, मग घोटे. त्या तापानं तेव्हाच काळजाची एक झडप खराब केली असणार, डॉक्टर म्हणाले, आणि इतकी वर्षं रेटून काळीज आता थकलं आहे. सुनेसारखा जोर करून हे थांबणार नाही. कायमचं बरं होणार नाही. पण त्याला आवर घालता येईल.

"मंग घाला ना," आत्याबाई म्हणाल्या. "विचारता कायले?"

डिजिटॅलिसच्या अर्काची लहान बाटली मिळाली. वाचता येतं म्हणून ती माझ्या ताब्यात आली. किती थेंब, कितींदा, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि बजावलं, हे औषध आहे तसं विषही आहे. रोज सकाळी आधी नाडी मोजायची. मिनिटाला साठाच्या खाली गेली तर थेंब बंद. अन्नावरची वासना गेली, मळमळ झाली, डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं, तरी थेंब बंद आणि थेट इकडे यायचं. घरात घड्याळ नव्हतं. ते मालकांनी वाशीमहून आणलं.

सकाळी झाडझूड झाली की मी आत्याबाईंपुढे बसायचे. त्या हात पुढे करायच्या. लग्नानंतर दोन वर्षं ज्यांच्याशी मी पदराआडून बोलले, त्यांचा हात आता रोज माझ्या हातात असायचा. आठवड्याभरात त्यांना सारखं लघवीला जावं लागायला लागलं आणि पायाची सूज उतरली. दोन आठवड्यांनी वळकटी उलगडली गेली. एके सकाळी मी उठले तर त्या आडव्या होऊन, तोंड उघडं टाकून, गाढ झोपल्या होत्या. ठेका आला नव्हता, तो पुढेही कधी आला नाही. पण चाल मंदावली होती, आणि मालकांनी व मी एकाच वेळी मोजलं तर छातीचे आणि हाताचे आकडे जवळजवळ जुळायचे. छातीवर मी नुसता कान लावायचे.

मधे एकदाच घोटाळा झाला. आत्याबाईंचं जेवण एकाएकी गेलं. भाकर पुढे ठेवली तर म्हणाल्या, "हळद कायले टाकली वं भाकरीत?" भाकर पांढरीशुभ्र होती. नाडी बघितली तर बावन्न. विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं. मी विहिरीवर गेले की त्या थेंबांची आणखी एक पाळी स्वतःच घ्यायच्या. थोड्या थेंबांनी इतकं बरं वाटतं, तर जास्त थेंबांनी लवकर बरं वाटेल! बाटली मी पेटीत टाकून कुलूप लावलं आणि त्याच दिवशी मंगरूळ गाठलं. डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं. भाकर पुन्हा पांढरी दिसायला लागल्यावर सोडलं. ते आता रागावतील असं मला वाटत होतं, पण त्यांनी आत्याबाईंना एवढंच विचारलं, "सुनेनं भाकरीत दुप्पट मीठ घातलं तर दुप्पट गोड लागेल का?"

"नाही लागनार," आत्याबाई म्हणाल्या, आणि वाटेत मला म्हणाल्या, "मानूस हुशार हाय."

पुढे ते डॉक्टर बदलून दुसरीकडे गेले. निघायच्या आधी आम्ही तिघं आणि मुलगी त्यांना भेटायला गेलो. आत्याबाईंनी फडक्यात बांधलेली तुरीची डाळ त्यांच्या बायकोच्या हातात दिली. डॉक्टरांनी नव्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली, माझ्यासाठी एक आणि आत्याबाईंसाठी एक. मग त्यांनी मालकांना विचारलं, "तुम्ही कंपौंडर का नाही झालात हो?"

मालक म्हणाले, "कापूस कोन वेचन मंग?"

आत्याबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. त्यांनी आणखी एक नात आणि एक नातू पाहिला. दोन्ही बाळंतपणांत त्या माझ्या उशाशी होत्या. माझं काळीज अजूनही वर्षातून एकदोनदा पळतं. मी बसते, श्वास धरते, जोर करते. नातवंडं आजूबाजूला असली तर आजी असं लाल तोंड का करते म्हणून हसत सुटतात, आणि मलाही हसू आवरलं नाही तर सगळं पहिल्यापासून पुन्हा करावं लागतं.